कीर्तीची किंमत कोण मोजतो?

२००२ सालच्या सुरुवातीला, अवघ्या वीस दिवसांच्या अंतराने, महाराष्ट्रातले दोन मोठे कलावंत गेले. १५ जानेवारीला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गेल्या आणि ४ फेब्रुवारीला भगवानदादा. एक तमाशाची सम्राज्ञी, दुसरा ‘अलबेला’चा नायक, निर्माता आणि दिग्दर्शक. विठाबाईंना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला होता. शेवटच्या आजारात इस्पितळाचे बिल भागवायला मात्र लोकांच्या देणग्या कामी आल्या. भगवानदादांचा एके काळी जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला होता, दारात सात गाड्या होत्या असे सांगतात. त्यांनी प्राण सोडला तो दादरच्या साध्या बिऱ्हाडात.

अशा मृत्यूनंतर आपल्याकडे एक ठरावीक गोष्ट सांगितली जाते. माणूस गुणी होता, पण व्यवहार कळला नाही. पैसा आला तसा उडवला, पुढचा विचार केला नाही, भोवतालच्यांनी लुबाडले, शेवटी हाल झाले. ऐकणारा हळहळतो, पोराबाळांना काटकसरीचे दोन शब्द सुनावतो आणि विषय संपतो. ही गोष्ट साफ खोटी नाही. पण ती अर्धीच आहे, आणि तिचा मोठा दोष असा की ती ऐकणाऱ्याला मोकळे करते. नटाचे म्हातारपण मग त्याच्या एकट्याच्या स्वभावाचे फळ ठरते. ज्या धंद्यात तो राबला, ज्या अटींवर राबला, ज्या लोकांनी त्याच्यावर जीव ओवाळून टाकला, त्यांचा त्यात काहीच वाटा उरत नाही.

नटाच्या उत्तरायुष्याविषयीच्या या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मला त्या उरलेल्या अर्ध्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: कीर्ती नटाची असते, पण तिची मिळकत बहुतेक वेळा दुसऱ्यांच्या घरी जाते, आणि तिची किंमत मात्र नटालाच मोजावी लागते, तीही अंगातली ताकद संपल्यावर. याला आपण नशीब म्हणतो. खरे तर ही माणसांनी घालून दिलेली रीत आहे, आणि माणसांनी घातलेली रीत माणसांना मोडता येते.

मराठी माणसाने या प्रश्नाचा विचार करायचा तर आरंभ बालगंधर्वांपासूनच करावा लागतो. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्राला असे वेड लावले की घरंदाज बायका त्यांच्या लुगड्याची नेसण आणि केसांची ठेवण पाहून घरी तशी करू लागल्या. एका पुरुषाने रंगवलेली स्त्री पाहून स्त्रियांनी आपले रूप घडवावे, इतकी ती लोकप्रियता होती.

त्या लोकप्रियतेचा हप्ता त्यांनी किती लवकर भरायला सुरुवात केली ते पाहावे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग झाला. पदे झाली, वन्स मोअर झाले, भामिनी रसिकांच्या मनात कायमची जाऊन बसली. ही हकीकत आपण शतकभर अभिमानाने सांगत आलो आहोत. नटाच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून ती खरीच आहे. पण तिच्यात दुसरेही काही आहे: बाविशीतल्या एका बापाला त्या संध्याकाळी रडायला घरी थांबता आले नाही, आणि हे आपल्यापैकी कोणालाही फारसे खटकले नाही. विठाबाईंबद्दलही असेच सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, प्रयोगाच्या मध्येच कळा सुरू झाल्या, पडद्याआड बाळंत झाल्या आणि पुन्हा येऊन नाचल्या. फडाबाहेरचा माणूस ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतो. बाळंतीण बाईला त्या रात्री पुन्हा का नाचावे लागले, तिच्या नाचण्यावर किती चुली अवलंबून होत्या, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

आता उधळपट्टीकडे येऊ, कारण बालगंधर्वांच्या कर्जाचा विषय निघाला की हा शब्द येतोच. खरे शालू, खरे पैठणी काठ, अत्तरे, गालिचे, उंची ऑर्गन, आल्यागेल्याला मंडळीत सुग्रास जेवण. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया नाटकाच्या साथीला. हिशेबाच्या वह्यांत बालगंधर्वांचे मन रमले नाही, हे निर्विवाद. भागीदार एकेक करून बाहेर पडले, कर्ज वाढले, आणि तरीही दिवाळे काढून सुटका करून घेण्याऐवजी त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून ते फेडले.

पण हा खर्च कशावर होत होता? रसिकांना जे दिपवून टाकत होते, ज्याच्यासाठी लोक बैलगाड्या जोडून कोसच्या कोस येत होते, त्यावरच तो होत होता. ते वैभव हा गंधर्व मंडळीच्या कलेचा कच्चा माल होता. खोट्या जरीचे शालू नेसून, साधी साथ घेऊन त्यांनी पैसे शिल्लक टाकले असते, तर म्हातारपण कदाचित सुखाचे गेले असते, आणि आज आपण ज्या बालगंधर्वांचे नाव घेतो ते घडलेच नसते. ज्या हातांनी आपण त्या अत्तराचा वास घेतला, त्याच हातांनी पुढे त्यांच्याकडे बोट दाखवले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांबरोबर त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अमर झाला. राष्ट्राच्या फंडासाठी आपले गाणे देणाऱ्या या नटांसाठी मात्र कोणताही फंड नव्हता. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, ऐन तारुण्यात गेले. बालगंधर्व जगले, आणि त्यांना पुढचे सगळे पाहावे लागले.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि थोड्याच वर्षांत गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. बालगंधर्वांनीही प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) संत एकनाथांची भूमिका केली. ज्या माणसाचे सारे सामर्थ्य प्रत्यक्ष प्रयोगात, समोरच्या श्रोत्याच्या एका ‘वा’वर पुन्हा पद घेण्यात होते, त्याला तुकड्यातुकड्यांनी चालणारे चित्रीकरण मानवले नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. वय वाढले, शरीर जड झाले, आणि तरी त्यांना रुक्मिणी आणि सिंधूच उभी करावी लागली, कारण लोकांना तीच हवी होती आणि पोटाला दुसरा आधार नव्हता. जुने श्रोते डोळे मिटून गाणे ऐकत. नव्यांना डोळ्यांसमोर एक थकलेला पुरुष दिसे. दोघांनाही बालगंधर्वच पाहायचे होते; नारायणराव राजहंस म्हातारे झाले आहेत, हे मान्य करायची तयारी कोणाचीच नव्हती.

शेवटची वर्षे पायांतली शक्ती जाऊन अंथरुणावर गेली. सोबत गोहरबाई कर्नाटकी होत्या. त्या स्वतः गायिका आणि अभिनेत्री, पण एका दैवताची पडझड समजावून घ्यायला लोकांना दोषी माणूस हवा होता आणि तो त्यांनी गोहरबाईंमध्ये शोधला. १९६४ साली बालगंधर्वांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच साली गोहरबाई गेल्या. पुण्यात बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहायचे ठरले, १९६२ साली त्यांच्याच हस्ते भूमिपूजन झाले. १५ जुलै १९६७ रोजी ते वारले. रंगमंदिराचे उद्घाटन त्यांच्या पुढच्या जयंतीला, २६ जून १९६८ रोजी झाले. सन्मानात आपण कधीच कमी पडलो नाही. कमी पडलो ते त्यांच्या रोजच्या जगण्याच्या तजविजीत.

नटाच्या म्हातारपणाचे मूळ शोधू गेले तर ते त्याच्या भांडवलात सापडते. त्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर: चेहरा, आवाज, पाय, स्मरणशक्ती. लेखकाची पुस्तके त्याच्या पश्चात साठ वर्षे मालकीहक्काने वारसांकडे राहतात. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहून महाग होत जाते. नटाचे भांडवल रोज थोडे थोडे झिजते आणि ते पुन्हा भरून काढता येत नाही. अपघात झाला तर एका दिवसात संपते. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांकडून एक चपराक जोरात बसली आणि ललिता पवारांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका म्हणून त्यांचे दिवस तिथेच संपले. त्यांनी जिद्दीने खाष्ट सासूच्या आणि प्रेमळ म्हातारीच्या भूमिकांत दुसरी कारकीर्द उभी केली, हे त्यांचे थोरपण. पण त्या काळी अशा अपघाताची भरपाई ही नटीच्या जिद्दीखेरीज आणखी कोणाची जबाबदारी आहे, असे धंद्यात कोणी मानत नव्हते.

बाईच्या बाबतीत तर म्हातारपण शरीराआधी भूमिकेत येते. लीला चिटणीस धारवाडच्या, मराठी रंगभूमीवरून चित्रपटात गेलेल्या. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या बाँबे टॉकीजच्या चित्रपटांत १९३९ ते १९४१ या काळात त्या अशोककुमारांच्या नायिका होत्या. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या पहिल्या भारतीय चित्रतारका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या. वय चाळिशीच्या आत. पडद्यावरचा मुलगा त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान. पुढची तीन दशके त्या शिवणयंत्रावर वाकलेली, खोकणारी, वाट पाहणारी आई करत राहिल्या. त्यांच्याबरोबर नायक असलेले अशोककुमार त्यानंतरही कित्येक वर्षे नायकच राहिले. लीलाबाई २००३ साली अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात वारल्या.

आता धंद्याच्या हिशेबाकडे वळू. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर नटाला ‘नाईट’ मिळते. प्रयोग झाला तर नाईट, प्रयोग रद्द झाला तर काही नाही. आजारी पडला, घरात मयत झाली, नाटक बंद पडले, तर त्या महिन्याची कमाई शून्य. मालिकांमध्ये दिवसाच्या हिशेबाने पैसे ठरतात आणि ते हाती पडायला तीन-तीन महिने लागतात; कथानकात पात्राचा मृत्यू लिहिला गेला की घरचे उत्पन्नही त्याच भागात थांबते. तमाशात फडमालक हंगामाआधी ‘उचल’ देतो. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कलावंत ती फेडत नाचतो, आणि पावसाळ्याचे चार महिने पुन्हा उचल घेऊन काढतो. मालकही सुखात नसतो. चैत्रात नारायणगावच्या राहुट्यांमध्ये गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात त्यावर त्याचे वर्ष अवलंबून असते. २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षे जत्रा भरल्या नाहीत, तेव्हा ही सगळी साखळी एकदम तुटली. या तिन्ही ठिकाणी निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. केंद्र सरकारने १९८१ साली सिनेकामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा केला. पण नाटकाचा आणि तमाशाचा नट त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

याहून मोठा प्रश्न आहे तो एकदा केलेल्या कामाच्या पुढच्या कमाईचा. चित्रपट एकदा बनतो आणि पन्नास वर्षे चालतो. आधी थिएटरात, मग दूरदर्शनवर, मग कॅसेट, सीडी, वाहिन्या, आता मोबाइल. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कमावते. नटाला मिळालेले असते ते पहिल्याच वेळी ठरलेले मानधन. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला सुरुवातीला काही हक्कच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने तो दिला, पण चित्रपटात काम करायला नटाने एकदा संमती दिली की तो हक्क तिथे संपे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरासाठी स्वामित्वधनाचा हक्क मान्य केला. गायकांनी संघटना उभारून तो वसूल करायला सुरुवात केली. नटांच्या बाबतीत तो अजून बराचसा कागदावरच आहे. भगवानदादा आणि विठाबाई तर त्या कायद्याच्या दहा वर्षे आधीच गेले होते. ‘अलबेला’तल्या नाचाच्या चालीवर लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत पिढ्यान्‌पिढ्या नाचल्या, मोठमोठ्या नायकांनी ती चाल उचलली, आणि ज्याची ती चाल, तो उतारवयात चार-दोन दृश्यांच्या भूमिका करून घर चालवत होता.

हे असेच असावे लागते काय? १९६० साली अमेरिकेतल्या चित्रपट नटांच्या संघटनेने संप केला. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. टीव्हीवर पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांचा मोबदला नटाला मिळावा, ही मागणी होती. तडजोड झाली ती अशी: १९६० पासून पुढच्या चित्रपटांवर हा हक्क मिळेल, आधीच्या चित्रपटांवर पाणी सोडावे लागेल, आणि त्याबदल्यात निर्माते २२.५ लाख डॉलर देऊन नटांचे निवृत्तिवेतन व आरोग्य निधी सुरू करतील. जुन्या नटांचे त्यात नुकसान झाले आणि ते अनेकांनी अखेरपर्यंत बोलून दाखवले. पण त्यांच्या मागून आलेल्यांना म्हातारपणी हात पसरावा लागू नये अशी सोय झाली. ती कोणाच्या दयेतून आली नाही. काम बंद ठेवून, एकजुटीने, वाटाघाटीला बसून ती मिळवली.

युरोपात याच्याही आधी दुसरा मार्ग काहींनी दाखवला. इटलीचा संगीतकार व्हेर्दी याने मिलान शहरात वृद्ध, निष्कांचन संगीतकारांसाठी घर बांधले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १९०२ साली उघडले, आणि त्याच्या ऑपेरांच्या स्वामित्वधनावर ते अनेक दशके चालले. फ्रान्सचा विख्यात नट कोक्लँ याने १९०५ साली पॅरिसजवळ वृद्ध नटांसाठी असेच घर उघडले, आणि १९०९ साली तो स्वतः तिथेच वारला. १९०५ हे वर्ष मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि त्याच वर्षी आपली नाट्य परिषद स्थापन झाली. एकाच साली दोन देशांतली रंगभूमी आपापल्या परीने भविष्याचा विचार करत होती. तिकडे नटाच्या म्हातारपणाचे घर उभे राहिले. आपल्याकडे संमेलनांची थोर परंपरा उभी राहिली. पुढे आपणही पुष्कळ केले, पण ते घर अजून व्हायचे आहे.

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र सरकार वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना अनेक दशके मानधन देत आले आहे. त्या योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, आणि ते उचित आहे. पोरवयातल्या नारायण राजहंसाच्या कानावर मिरजेत उपचार करवले ते शाहू महाराजांनीच. पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंताला या योजनेतून २०२४ पासून सरसकट महिना ५,००० रुपये मिळतात. आधी श्रेणीनुसार कमी-जास्त रक्कम होती, ती भेदरेषा पुसली हे चांगले झाले. खेड्यातल्या वाघ्या-मुरळीला, शाहिराला, सोंगाड्याला या पैशाचा आधार आहे. पण शहरात एका औषधाच्या चिठ्ठीत तो संपतो.

उरते ती मदत. बातमी येते, लोक पेटून उठतात, धनादेश येतात. ‘शोले’तले इमामसाहेब झालेले ए. के. हंगल यांच्याबाबत २०११ साली तेच झाले. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला, ‘इप्टा’ या नाट्यचळवळीत वाढलेला, शिंपीकाम करून पोट भरलेला आणि पन्नाशीच्या आसपास चित्रपटात आलेला हा नट. औषधपाण्याचा खर्च झेपत नाही हे उघड झाल्यावर चित्रपटसृष्टीतल्या अनेकांनी सढळ हाताने मदत केली आणि त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पुढच्याच वर्षी, चाकाच्या खुर्चीत बसून, त्यांनी एका मालिकेत छोटे कामही केले आणि त्याच साली ते गेले. मदत आली हे खरे. पण ती यावी म्हणून आधी एका नव्वदी ओलांडलेल्या माणसाला आपले दारिद्र्य साऱ्या देशासमोर उघडे करावे लागले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे ताठ मानेने उभी केली, त्याला स्वतःचे दुःख असे मांडायला लावणे हीच कीर्तीची सर्वांत जबर किंमत आहे. शिवाय ही मदत ओळखीच्या चेहऱ्यापर्यंतच पोहोचते. त्याच चित्रपटात घोळक्यात उभा राहिलेला, त्याच नाटकात शिपाई झालेला, त्याच फडात मागे झील धरणारा म्हातारा बातमी होत नाही.

प्रसिद्धीचा आणखी एक जाच बाहेरून दिसत नाही. अनोळखी माणूस गरीब झाला तर मिळेल ते काम धरतो. ओळखला जाणारा चेहरा तसे करू शकत नाही. तो बसच्या रांगेत उभा राहिला की लोक हळहळतात, दुकानात नोकरी मागितली की मालक संकोचतो, उधार मागितले की ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. मोठेपणीचे खर्च सुटत नाहीत आणि मोठेपणीची मिळकत राहत नाही. त्यात छोटी भूमिका स्वीकारली तर ‘काय हे दिवस आले’, आणि नाकारली तर ‘गर्व अजून गेला नाही’. नटाला आपण सामान्य माणसासारखे म्हातारेही होऊ देत नाही.

मराठीत या विषयावर बोलताना ‘नटसम्राट’ला ओलांडून जाता येत नाही. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले आणि तेव्हापासून म्हातारा नट म्हटला की मराठी मनाला तेच आठवतात. नाटक थोर आहे. त्यातली वेदना बापाची आहे, आणि ती जगातल्या कुठल्याही बापाची होऊ शकते, म्हणूनच ते इतके भिडते. पण त्याच्या प्रभावाने आपल्या विचाराला एक वळण लागले आहे, ते या पुस्तकाच्या वाचकाने सावधपणे पाहावे. ‘नटसम्राट’ पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक मुलाला आणि मुलीला दोष देतो. बेलवलकरांनी सर्वस्व वाटून टाकले नसते तर, असे म्हणतो. पण ज्या रंगभूमीची त्यांनी चाळीस वर्षे सेवा केली, तिने त्यांना म्हातारपणासाठी काय दिले, हे कोणी विचारत नाही. सत्कार झाला, पुष्पहार पडला आणि रंगभूमीची जबाबदारी संपली. उरलेले सगळे मुलांवर. नटाचे म्हातारपण मुलांच्या प्रेमावर सोपवले की जे होते, तेच त्या नाटकात होते. मुले प्रेमळ निघणे हा नशिबाचा भाग आहे. म्हातारपणीच्या भाकरीची सोय नशिबावर सोडता येत नाही.

मग करायचे काय? अवघड असे त्यात फारसे नाही. प्रत्येक करारात नटाच्या नाईटचा किंवा दिवसाच्या रकमेचा एक भाग निर्मात्याच्या तितक्याच भागासह निधीत जमा व्हावा. जुने नाटक नव्या माध्यमावर विकले गेले, जुना चित्रपट पुन्हा दाखवला गेला, तर त्यातल्या छोट्यातल्या छोट्या नटाला त्याचा वाटा मिळावा. २०१२ च्या कायद्याने दिलेला हक्क नटांनी संघटितपणे वसूल करावा. सरकारी मानधन महागाईबरोबर आपोआप वाढावे, त्यासाठी दर वेळी मोर्चे आणि निवेदने लागू नयेत. तमाशा कलावंतांची नोंदणी व्हावी, म्हणजे उचलीवर जगणाऱ्या बाईला वयाच्या पन्नाशीत मी कलावंत होते याचे पुरावे गोळा करत तालुक्याच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत. आणि एखाद्या शहरात, रंगमंदिरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, कोक्लँने बांधले तसे घर आपणही बांधावे. महाराष्ट्रात नाट्यगृहे उभारायला पैसा मिळतो. त्याच पैशातून हेही होऊ शकते.

नटांनाही एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती उपदेश म्हणून नव्हे. ऐन भरातल्या नटाला आपल्या मागच्या पिढीतला म्हातारा नट हा परक्या जगातला वाटतो. तो परका नाही. संघटनेची वर्गणी, करारातले एक कलम, सहकाऱ्याच्या थकलेल्या पैशांसाठी दाखवलेली एकजूट, हे सगळे स्वतःच्याच म्हातारपणासाठी असते. अमेरिकेतल्या नटांनी १९६० साली जे केले त्याचे फळ बहुतांशी दुसऱ्यांनी खाल्ले, आणि म्हणूनच ते मोठे काम होते.

वाचकाला माझी विनंती आहे की पुढची पाने हळहळण्यासाठी वाचू नयेत. प्रत्येक कलावंताच्या कहाणीत तीन प्रश्न मनाशी ठेवावेत: या कलेतून कोणी किती कमावले, त्यातले कलावंताच्या वाट्याला किती आले, आणि तो थकला तेव्हा कमावणारे कुठे होते. उत्तरे सगळीकडे सारखी नसतील. कुठे नट स्वतः चुकला असेल, कुठे सोबतीच्यांनी त्याला अखेरपर्यंत सांभाळले असेल. पण हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर पुढच्या वेळी एखाद्या वृद्ध नटाच्या हलाखीची बातमी वाचून आपण मदतीचा धनादेश तर पाठवूच, आणि त्याच्याबरोबर निर्मात्याला, वाहिनीला, संघटनेला आणि सरकारला जाबही विचारू. विठाबाईंच्या नावाने राज्य सरकार २००६ पासून तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या नावाचा खरा मान राखायचा असेल, तर पुन्हा कुठल्याही कलावंताचे इस्पितळाचे बिल वर्गणीतून भरण्याची वेळ महाराष्ट्राने येऊ देऊ नये.